काट्यावरचा पंधरा कोणता?

सिलिंडर भरलेला की रिकामा, हे काटा सांगतो असे आपण धरून चालतो. काटा नुसता आकडा सांगतो. तो आकडा कोणत्या मापातला, हे तबकडीवर बारीक अक्षरांत छापलेले असते आणि ते वाचायची सवय आपल्याला कोणी लावलेलीच नाही.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत कित्येक घरांत ऑक्सिजनचा सिलिंडर आला. तोवर तो वेल्डिंगवाल्याकडे किंवा दवाखान्यातच पाहिलेला. आजही दम्याच्या, फुप्फुसाच्या आजारी माणसासाठी तो भाड्याने आणावा लागतो, आणि रात्री काट्याकडे बघणारे घरचेच असतात.

भरलेल्या सिलिंडरात साधारण १५० किलो दाब असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटर जागेवर १५० किलो वजनाइतका भार. बारमध्ये मोजला तरी आकडा जवळपास तोच. पण काही काट्यांवर मेगापास्कल असते, आणि तिथे भरलेला सिलिंडर १५ दाखवतो! म्हणजे एका काट्यावर १५ म्हणजे भरलेला, दुसऱ्यावर १५ म्हणजे दहावा हिस्सा उरलेला.

हिशेब करून पाहा. दहा लिटर पाणी मावेल एवढ्या लहान सिलिंडरात १५० बारला सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ५ लिटर सोडला तर पाच तास पुरेल. तोच १५ बारवर असेल तर १५० लिटर, फक्त अर्धा तास. बाटलीतल्या बुडबुड्यांवर विसंबू नका. रेग्युलेटर बाहेरचा दाब सारखा ठेवतो, त्यामुळे सिलिंडर संपत येईपर्यंत ते तसेच येत राहतात.

कोष्टक सोपे आहे. पास्कल हे फार लहान माप. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचे नाव त्याला १९७१ साली मिळाले. १००० पास्कल म्हणजे १ किलोपास्कल, १०० किलोपास्कल म्हणजे १ बार, १० बार म्हणजे १ मेगापास्कल. सगळे दहाच्या पटीत, नुसते टिंब सरकवायचे. अडतो तो आपला जुना 'किलो': १ किलो म्हणजे ०.९८ बार. घरच्या कामाला दोन्ही सारखेच धरा. आयटीआयच्या परीक्षेत मात्र ०.९८ च लिहा, तिथे गुण जातात. (टायरवाल्याचे 'पौंड' हे वेगळेच घराणे. त्याचे ३० पौंड म्हणजे साधारण २ बार.)

कारखान्यातल्या मुलांनीही जपावे. कॉम्प्रेसरच्या काट्यावर ०.७ मेगापास्कल दिसले म्हणजे तिथे ७ बार हवा आहे. 'एक किलोसुद्धा नाही' असे समजून रेग्युलेटर पिळायला जाऊ नये.

सिलिंडर भाड्याने आणताना दुकानदारालाच विचारा, "भरलेला असताना हा काटा किती दाखवतो?" तो सांगेल तो आकडा, मापासकट, खडूने सिलिंडरवर ठळक लिहून ठेवा, म्हणजे रात्रपाळीला बसणाऱ्यालाही तो दिसेल.