१२० तासांचे पर्यावरण

नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी चार क्रेडिटचे ‘ओजेटी’ (प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १२०. पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी हा हिशेब घेऊन रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याकडे निघाला, तर दिवसाला आठ तास भरून पंधरवड्यात मोकळा होतो. एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंत.

एवढ्या अवधीत पेणच्या खारपट्ट्यात काय दिसते? तिवरे दिसतात. खाडीकाठाने दाट, हिरवीगार. ‘कांदळवनाच्या क्षेत्रात वाढ’ असे लिहायचे, उपग्रहाचा नकाशा जोडायचा, झाला अहवाल. त्या तिवरांच्या जागी भाताची शेते होती, हे नकाशा सांगत नाही. खाडीकडच्या बांधाला, म्हणजे बाहेरकाठ्याला, खांड (भगदाड) पडली, ती वेळेत कोणी बुजवली नाही, खारे पाणी आत शिरले आणि काही वर्षांत तिवरे माजली. आता ती तोडायला बंदी. सातबारा मात्र शेतकऱ्याच्याच नावावर. पूर्वी गाव जोळ करून, म्हणजे एकत्र श्रमून, बांध राखत असे, पुढे बांध सरकारी खात्याकडे गेले. खांड बुजवायची कोणी, हा प्रश्न तिथून सुरू होतो. तो मे महिन्यातल्या पंधरवड्यात उमगत नाही. त्यासाठी गावात पावसाळा काढावा लागतो, रात्रीच्या भरतीला बांधातल्या उघाडीवर (पाण्याच्या दारावर) जाऊन उभे राहावे लागते.

रोह्याची गोष्ट वेगळी नाही. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी कधी सुटते, यावर कुंडलिका नदीचा प्रवाह ठरतो. धाटावच्या कारखान्यांखाली सकाळी अकराला भरलेली बाटली त्या दिवशीच्या सकाळी अकराचेच सांगते. अहवालात तिची ‘नदीची गुणवत्ता’ होते.

असा लांब मुक्काम पदवीत बसवता येतो. अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक संस्थेने १९८७ मध्ये विद्यापीठांशी हातमिळवणी करून पदव्युत्तर शिक्षणाला परदेशातील स्वयंसेवेची जोड दिली. आधी विद्यापीठात शिकायचे, मग २७ महिने परक्या मुलखात राहायचे, पहिले काही आठवडे तिथली भाषा शिकण्यात घालवायचे आणि त्या कामातूनच पदवी पुरी करायची. ही सोय २०१६ मध्ये बंद झाली. भारतातून पीस कोअर १९७६ मध्येच गेली होती. त्या साऱ्या खटाटोपात अमेरिकेचे स्वतःचे हिशेब होते, हे उघड आहे. पण निदान मुक्कामाची किंमत तिथे पदवीत धरली गेली.

आमच्या विद्यार्थ्याला व्हिसा लागत नाही. मराठी येते. पनवेलहून एसटीने तासाभरात पेण गाठता येते, आणि खारभूमीचे संशोधन केंद्र तर पनवेललाच आहे. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पालाही क्रेडिट असतात. ते पहिल्या वर्षाच्या या चार क्रेडिटना जोडून सलग मुक्काम द्यायला कोणाची आडकाठी आहे? तिसरे सत्र नेमके पावसाळ्यात येते. बांध फुटतात ते याच दिवसांत. तेव्हा विद्यार्थी वर्गात बसून ७५ टक्के हजेरी भरत असतो.