साखर कारखान्याच्या हिशेबातील नावेची बाजू

साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल सभासदांच्या हाती पडतो तेव्हा त्यात किती टन ऊस गाळला, उतारा किती पडला, टनास भाव काय दिला, हे सारे तपशीलवार छापलेले असते. शेवटी एखाददुसरे पान सामाजिक कार्याचे असते. शाळेस देणगी, आरोग्य शिबिर, वृक्षारोपण. तेथेही आकडे असतात; परंतु ते खर्चाचे व उपस्थितीचे. त्या खर्चामुळे कोणाच्या जीवनात काय पालटले, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. समाजहित मोजण्याची ही रीत अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सहकारी कारखान्यांचे कार्य कोणी नाकारू नये. विठ्ठलराव विखे पाटील व डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी लोणी येथील प्रवरेच्या कारखान्याचे गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले आणि ऊस पिकविणारा शेतकरीच कारखान्याचा धनी झाला. पुढे त्या परिसरात शिक्षणसंस्था व रुग्णालय उभे राहिले. ही झाली जमेची बाजू. पण वहीस नावेची बाजूही असते, आणि ती बहुधा सभासद नसलेल्यांच्या वाट्याला येते.

ऊसतोडणीच्या व्यवहारात पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी स्त्री हिशेबात स्वतंत्रपणे येतच नाही. जिची मोजणीच झाली नाही, तिचे हित झाले की अहित, हे कशावरून ठरविणार? बीडसारख्या जिल्ह्यांतून ही कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलांच्या शाळेचे वर्ष मध्येच तुटते.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यास खर्च करण्याचे बंधन घातले. २०२१ पासून मोठ्या खर्चाच्या कामांचा परिणाम त्रयस्थाकडून तपासून घेणेही आवश्यक झाले. सहकारी संस्था ही कंपनी नव्हे, म्हणून हे बंधन तिला लागू नाही. तेथे सभासदांनीच विचारावयास हवे.

काय विचारावे? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये वसतिगृहांची योजना काढली, तिचेच उदाहरण घेऊ. किती मुले दाखल झाली, हा आकडा मिळविणे सोपे. पण किती मुले वर्षअखेर परीक्षेस बसली, हा खरा आकडा होय. त्यातही ज्यांची आजी घरी आहे अशी काही मुले वसतिगृह नसते तरी गावीच राहून शिकली असती. त्यांचे श्रेय वसतिगृहास देणे म्हणजे पावसाने आलेल्या पिकाचे श्रेय विहिरीस देण्यासारखे आहे. आई-बापांबरोबर तळावर गेलेल्या त्याच गावच्या मुलांशी तुलना केली, तरच फरक कळेल.

एका रुपयाच्या खर्चामागे समाजास किती रुपयांचे हित लाभले, असे गुणोत्तर काढण्याची पद्धत अमेरिकेत १९९० च्या दशकात पुढे आली. ती विद्वानांनी अवश्य अभ्यासावी. मुलगी शाळेत टिकली याची किंमत रुपयांत ठरविताना अंदाजावर अंदाज रचावे लागतात. गावपातळीवर त्यापेक्षा साधी नोंदवही अधिक विश्वासार्ह.

ती नोंद मात्र काम सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी कुटुंबे निघण्याआधीच, साधारण सप्टेंबरात, प्रत्येक कुटुंबाची माहिती लिहून घ्यावी: स्त्रीचे नाव वेगळे, पुरुषाचे वेगळे, घेतलेली उचल, शाळेत जाणारी मुले. कुटुंबे परतल्यावर त्याच घरी जाऊन उचल फिटली की शिल्लक राहिली, स्त्रीच्या हाती काय आले, मूल कोणत्या इयत्तेत आहे, हे पुन्हा लिहावे. कारखान्याच्या सभासद शेतकऱ्यांनी हा तक्ता येत्या सर्वसाधारण सभेत, भावाच्या आकड्याबरोबरच मागावा.