नुकसान कोणाचे, मदत कोणाला?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा व सोलापूर भागात अतिवृष्टी झाली. सीना, मांजरा, गोदावरी या नद्यांना पूर आले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात कुजले. काही ठिकाणी तर शेतातली मातीच खरडून गेली. त्यानंतर वर्तमानपत्रांत रोज तीन शब्द दिसू लागले: नुकसान, पंचनामा, मदत. हे शब्द तुम्हांला परके नाहीत. ‘नामा’ म्हणजे काय, हे उर्दू वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. पावसावरच्या शेतीला मराठीत ‘जिरायत’ म्हणतात; तो उर्दूतला ‘ज़िराअत’च आहे.

शब्द ओळखीचे असले, तरी त्यांच्यामागचे नियम फार थोड्यांना ठाऊक असतात. पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाले, तरच मदत मिळते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ या काळासाठी जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये व बागायत पिकाला १७,००० रुपये असा दर ठरविला, तोही दोन हेक्टरांपर्यंत. राज्य सरकार कधी कधी त्यात भर घालते. २०२५ साली राज्याने ही मर्यादा तीन हेक्टर केली व रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी १०,००० रुपये जास्तीचे जाहीर केले. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. तेव्हा ८,५०० रुपयांचे एकरी ३,४०० रुपये होतात. ही काही पिकाची किंमत नव्हे. सरकारी कागदात तिला ‘निविष्ठा अनुदान’ म्हणतात, म्हणजे पुढच्या हंगामाच्या बी-खतासाठी हातभार. लोक मात्र तिला भरपाई समजतात आणि रक्कम हाती आली, की निराश होतात.

रक्कम थोडी आहे, ही तक्रार सगळेच करतात. माझी तक्रार वेगळी आहे. पुष्कळदा ती रक्कम ज्याचे नुकसान झाले, त्याच्या हाती पडतच नाही.

समजा, शेताचा मालक शहरात नोकरीला आहे. त्याचे शेत गावातले एक कुटुंब बटईने करते. निम्मे बी-खत त्या कुटुंबाचे. नांगरणी, पेरणी, खुरपणी हे सारे कष्टही त्याचेच. पुरात पीक गेले, पंचनामा झाला. परंतु सातबाऱ्यावर नाव मालकाचे, म्हणून पैसे थेट त्याच्या बँक खात्यात जमा होतात. भला मालक त्यातले काही बटईदाराला देतो. पण ती त्याची मर्जी झाली, बटईदाराचा हक्क नव्हे.

मालकाला तरी सगळा दोष कसा द्यावा? त्याला भीती वाटते. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळ कायदा लागू झाला. बटईदाराचे नाव एकदा कागदावर चढले, तर उद्या तो कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल, असे मालकांना वाटते. म्हणून करार तोंडीच होतो. कसणाऱ्याच्या भल्यासाठी कायदा झाला आणि त्याच्याच धाकाने कसणाऱ्याचे नाव कागदावरून नाहीसे झाले!

आता जनावरांचे पाहा. २०२५ साली दुभती म्हैस पुरात मेली, तर ३७,५०० रुपये मिळत. शेळी मेली, तर ४,०००. तेथे गोठा कोणाच्या जमिनीवर आहे, याला महत्त्व नसते. जनावर कोणाचे, एवढेच पाहतात. मग पीक कोणाचे, हे का पाहू नये?

आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक घेणाऱ्यांसाठी कायदा केला. मालकाच्या हक्काला धक्का न लावता कसणाऱ्याला ११ महिन्यांचे कार्ड द्यायचे, अशी त्यात सोय होती. मात्र त्यासाठी मालकाची संमती लागे, आणि तिथेच गाडे अडले.

माझ्या मते आपल्याकडे पंचनाम्याच्या कागदावरच एक रकाना वाढवावा: पीक कोणी पेरले? हे नाव सातबाऱ्यावर चढणार नाही, असे सरकारने लेखी स्पष्ट करावे, म्हणजे मालकाची भीती जाईल. खोटी नावे घुसतील, असे कोणी म्हणेल. पण कोणाचे शेत कोण करतो, हे गावात लपून राहत नाही. शेजारचे शेतकरी पंच म्हणून उभे असतातच, त्यांना विचारावे. मालकाचाही वाटा बुडालेला असतो, हे खरे. त्याला मदत मिळू नये, असे मी म्हणत नाही. पेरणीच्या वेळी वाटा जसा ठरला असेल, तशीच मदतीची रक्कम दोघांच्या खात्यांत वेगवेगळी जमा करावी.