कारणाचा रकाना कोण भरतो?

मनोविकारशास्त्राचा इतिहास म्हटले की आपली नजर व्हिएन्नाकडे जाते. फार तर कोलकात्याकडे, जिथे गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. रायपूरच्या तेलीबांध्यातून निघणाऱ्या या मासिकाने मात्र आधी नागपूरकडे पाहायला हवे. 1956 पर्यंत रायपूरचीही राजधानी तीच होती आणि तिथले मनोरुग्णालय 1864 पासूनचे आहे. मध्य प्रांतातल्या वेड्यांच्या इस्पितळांचे जुने वार्षिक अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आता सर्वांना खुले केले आहेत.

ते वाचताना 1893-94 च्या भांग-गांजा आयोगाचा अहवाल हाताशी ठेवावा. छत्तीसगड विभागाचे आयुक्त ए. एच. एल. फ्रेझर या आयोगाचे सदस्य होते. गांजाने माणूस वेडा होतो आणि खून पाडतो, हे तेव्हा सरकारदरबारी बहुतेकांनी धरूनच चालले होते. पुरावा म्हणून इस्पितळांचे आकडे पुढे केले जात. आयोगाने गांजाच्या नोंदी असलेल्या रुग्णांची नव्याने चौकशी करवली. 1892 मध्ये दाखल झालेल्या 1344 रुग्णांपैकी अवघ्या 98 जणांबाबत भांग-गांजाचा संबंध मानण्याजोगा ठरला. मूळ नोंदींतला आकडा याहून खूप मोठा होता. तो आला कुठून? रुग्णासोबत येणारा कागद पोलीस किंवा दंडाधिकाऱ्याची कचेरी भरत असे. माणूस गांजा ओढतो एवढे कळले की कारण सापडले! अधीक्षक तेच नोंदवहीत उतरवत आणि वर्षअखेरीस त्याचे शास्त्र होई. गांजामुळे झाल्याचे सांगितलेल्या खुनांच्याही मिसली आयोगाने मागवल्या. मिळालेल्यांपैकी बहुतेकांत तसा संबंध दिसला नाही.

आधीच ठरवलेले कारण चिकटवण्याचे काम शिकल्यासवरलेल्यांनीही केले. लष्करी अधिकारी आणि मनोविश्लेषक क्लॉड डेली यांनी 1930 मध्ये भारतीय क्रांतिकारकांच्या हिंसेचे मूळ हिंदूंच्या आईशी असलेल्या नात्यात शोधले. परकी सत्ता हे कारण मागे पडले.

याच्या अगदी उलट उदाहरण मुंबईचे आहे. अनेक खून केलेल्या रामन राघवच्या खटल्यात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या तीन मनोविकारतज्ज्ञांनी त्याच्याशी पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास बोलून निदान केले. इतके खून करणाऱ्या माणसाचेही म्हणणे सविस्तर ऐकले गेले, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. 1987 मध्ये त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली.

आपल्या ओपीडीत मात्र रुग्ण छत्तीसगढीत बोलतो, नातेवाईक हिंदीत सांगतात आणि केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो. ‘अंगावर धावून येतो’ हे भावाचे वाक्य तिथे पोहोचेपर्यंत ‘हिंसक’ असा शिक्का होते. भावाने ते स्वतः पाहिले का, आधी कोणी कोणाला मारले, घरात जमिनीचा वाद आहे का, यातले काहीच उरत नाही. उद्याचा संशोधक तो शिक्काच मोजणार आहे. शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. तोही हे वाचणार आहे.

म्हणून आमचा आग्रह असा: माहिती देणाऱ्याचे रुग्णाशी नाते वेगळ्या ओळीत लिहा, त्याचे शब्द त्याच्याच बोलीत ठेवा आणि तुमचे मत त्याखाली, सहीसह लिहा. जुन्या दवाखान्यांच्या नोंदवह्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. रुग्णांची ओळख झाकून त्या जतन कशा करायच्या, याची माहिती पुढच्या अंकात देऊ.