चौथी पट्टी

वैमानिक झाला म्हणजे कॅप्टन झाला, असा आपला एक गोड गैरसमज असतो. चिकलठाण्याचे विमानतळ मुकुंदवाडीच्या शेजारी, त्यामुळे आमच्याकडे तर तो जरा अधिकच! वस्तुस्थिती अशी की, दोनशे तासांच्या उड्डाणानंतर व्यावसायिक परवाना मिळतो आणि नोकरी लागली की माणूस सहवैमानिक म्हणून उजव्या खुर्चीत बसतो. डावी खुर्ची कॅप्टनची. तिच्यासाठी दीड हजार तासांचा वरचा परवाना लागतो. हे तास काही वर्षांत भरतात; खरी प्रतीक्षा पुढेच असते.

कारण ती गुणांपेक्षा यादीवर चालते. बहुतेक मोठ्या कंपन्यांत रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे ज्येष्ठता ठरते. वरचा निवृत्त व्हावा किंवा नवी विमाने यावीत, तेव्हा खालचा सरकणार. अमेरिकेने २००७ साली वैमानिकांचे निवृत्तीचे वय साठावरून पासष्ट केले, तेव्हा खालच्यांची वाट तेवढीच लांबली. त्यांचा अपराध काय?

उलट उदाहरण आपल्याच गावाशी जोडलेले आहे. निवेदिता भसीन १९८४ साली इंडियन एअरलाइन्समध्ये लागल्या. १९८५ साली कलकत्ता-सिलचर मार्गावरील सर्व-महिला उड्डाणात त्या सहवैमानिक होत्या. कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख. पुढे १ जानेवारी १९९० रोजी, अवघ्या २६व्या वर्षी, भसीन स्वतः जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या, त्या मुंबई-औरंगाबाद-उदयपूर मार्गावर. जगातील त्या वेळची सर्वांत तरुण स्त्री जेट-कॅप्टन आपल्या चिकलठाण्याला उतरली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून सरसकट लवकर बढती द्या, असे मी म्हणणार नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी याच धावपट्टीवरून निघालेले विमान बीड रस्त्यावरच्या कापसाच्या ट्रकला धडकले. ११८ पैकी ५५ माणसे गेली. विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या रीतीने उचलले गेले आणि रस्त्यावरची वाहतूक अडवली गेली नव्हती, असा चौकशीचा निष्कर्ष होता. डाव्या खुर्चीतला निर्णय काही सेकंदांचा असतो. तिथे कच्चा माणूस नकोच.

पण पक्का माणूस कॅलेंडरवरून ठरतो काय? २०१२ साली किंगफिशर आणि २०१९ साली जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा तेथील सहवैमानिकांच्या गाठीचे तास शाबूत राहिले, पण यादीतली जागा बुडाली. नव्या दारी पुन्हा रांगेचे शेवटचे टोक! वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्या प्राध्यापकांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

यादीत वशिला चालत नाही, हा तिचा मोठा गुण मला मान्य आहे. तेव्हा यादी ठेवावी. मात्र नव्याने येणाऱ्याला त्याचे तास आणि चाचणी पाहून मधली जागा द्यावी. आधीपासून थांबलेल्यांवर अन्याय होईल, असा आक्षेप येईल. थोडा होईलही. परंतु उद्या त्यांची कंपनी बुडाली, तर हाच नियम त्यांच्याही कामी येईल.