थोडक्यात वाचलो!

'विद्युत सुरक्षा सप्ताह' म्हटलं की फलक, शपथ आणि सकाळची फेरी हे ओघानं आलंच. 2025 साली महावितरणने वर्धापनदिनाला जोडून 1 ते 6 जून असा सप्ताह पाळला. चांगलंच आहे, मी काही नावं ठेवत नाही. पण या सप्ताहाची बातमी वाचली की मला आमच्या घरातलं एक लग्न आठवतं.

आमचं गाव नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला अजून सवय व्हायचीय). मे महिना, बहिणीची हळद, आणि दुपारी वादळ झालं. तार तुटली, लाईट गेली. मी पुण्याहून आलेला 'इंजिनिअर', त्यामुळे वायरमनला फोन करायचं काम माझ्याकडे. तासाभरात चार फोन केले. "अहो, पाहुणे आलेत, किती वेळ?" तो आला, तर आधी डीपीवर जाऊन फ्यूज काढले, मग आमच्या खांबापाशी येऊन तारांवर साखळी टाकून त्या जमिनीशी जोडत बसला. मंडपात कुणीतरी म्हणालं, "लाईट नाहीच तर हा एवढं काय करतोय?" मीही हसलो.

तेवढ्यात मांडववाल्याचा जनरेटर आला. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घेतली, एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये. हे मी स्वतः केलं. मेन स्विच बंद करायचं डोक्यातच आलं नाही. जनरेटर घुर्रघुर्र करून बसला. पुन्हा चालू केला, पुन्हा बसला. मी जनरेटरवाल्याला शिव्या घालत होतो. मग वायरमन खाली उतरला, घरात आला, ती वायर बघितली आणि शांतपणे म्हणाला, "तू इंजिनिअर ना रे?"

मी घरात दिलेला करंट मीटरमधून उलटा खांबावर गेला होता. साखळी नसती तर तो त्याच्या हातातून गेला असता. त्यात डीपी उलटीही चालते. एरवी ती अकरा हजार व्होल्टचे चारशे करते. फ्यूज जागेवर असते तर खालचा करंट वर हजारोंनी वाढून, तिकडे लाईन बंद समजून काम करणाऱ्या दुसऱ्या कुणापर्यंतही पोचला असता.

मी पाया पडायचाच बाकी होतो. तो म्हणाला, "जाऊ दे, लग्नघर आहे. कुठं बोलू नको." मी बोललो नाही. तोही बोलला नाही. आणि माझ्या मते खरी चूक इथे झाली.

आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की 'पोस्टमॉर्टेम' लिहितात. काय झालं, कसं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं. नियम एकच : कुणाला दोष द्यायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही. आमच्याकडे कुणी मरत नाही तरी आम्ही हे करतो. खांबावरच्या माणसाच्या बाबतीत मात्र हा शब्द त्याच्या मूळ अर्थानेच वापरायची वेळ येते :(

गंमत म्हणजे कायदा इतका आंधळा नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 161 मध्ये अपघाताची खबर द्यायला सांगितलंय, आणि त्यात जीव गेलेला किंवा इजा झालेला अपघातच नव्हे, तर जीव जाऊ शकला असता असा अपघातही धरलाय. पण सांगणार कोण? कामगाराला चौकशीची भीती, गावकऱ्याला केसची. मग 'थोडक्यात वाचलो' म्हणायचं, चहा प्यायचा आणि विसरून जायचं.

आता तर हे आणखी गरजेचं आहे. 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, छपराछपरावर सोलर बसतंय. नीट बसवलेला ऑनग्रिड इन्व्हर्टर लाईट गेली की आपोआप बंद होतो. पण बॅटरी, जनरेटर आणि ओळखीच्या पोराने केलेली जोडणी यांचं काय? आधी करंट एका बाजूने यायचा, आता कुठल्याही घरातून येऊ शकतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक सबस्टेशनवर एक वही ठेवा. नाव 'थोडक्यात वाचलो'. लिहिणाऱ्याचं नाव नको, शिक्षा नको. कंत्राटी पोरांनाही लिहू द्या, खांबावर तीही चढतात. दर सोमवारी त्यातलं एक पान सगळ्यांसमोर वाचा. एकाच गावातून तीनदा जनरेटरची नोंद आली, तर तिथे फलक नको, चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

आणि आपण? वायरमनला वेळ लागत असेल तर लागू द्या. तो साखळी टाकत असेल.

माझ्या वहीतलं पहिलं पान हे. बऱ्याच वर्षांनी का होईना, लिहिलं एकदाचं.