तारखेची वाट पाहणाऱ्या बाईला सोबत द्या : गिरगाव, दादर, परळ, लालबागकरांना आवाहन



कॅन्सर आपल्या भागाने जितका जवळून पाहिला, तितका देशातल्या फार थोड्या वस्त्यांनी पाहिला असेल. २८ फेब्रुवारी १९४१ला परळला टाटा रुग्णालय सुरू झालं. तेव्हापासून गावोगावची माणसं फाईल छातीशी धरून आपल्या स्टेशनांवर उतरतायत. त्यांच्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा उभी राहिली, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन उभं राहिलं. फूटपाथवर गोंधळलेलं कुटुंब दिसलं की ‘टाटाला जायचंय का?’ असं आपणच आधी विचारतो. रक्तदान शिबिराला आपल्या मंडळांबाहेर रांगा लागतात.

हाच आजार आपल्या मजल्यावर निघाला, त्यातही गर्भपिशवीचा निघाला, की मात्र आपण आवाज खाली आणतो. ‘तिला जरा बरं नाही’ एवढंच बोलतो. परक्याला हात धरून गेटापर्यंत नेणारे आपण, शेजारणीच्या दारावरून मान खाली घालून जातो. हे बदलावं म्हणून हे आवाहन.

माझ्या वहिनीला पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. क्युरेटिंग झालं, बायोप्सीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. आता तपासण्या चालू आहेत आणि ऑपरेशनची तारीख लागायची आहे. तिला विचारून, तिचं नाव न घालता हे लिहितेय.

आधी आजाराबद्दल, कारण अर्धी भीती चुकीच्या माहितीची असते. हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर नव्हे. गर्भाशयमुखाचा बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, त्याची लस आहे, पॅप तपासणी आहे. अस्तराचा कॅन्सर त्या विषाणूचा नाही आणि पॅप तपासणीत तो सापडेलच असंही नाही. वाढलेलं वजन, मधुमेह, पीसीओएस, वाढतं वय, स्तनाच्या कॅन्सरसाठी घेतलेली टॅमॉक्सिफेन गोळी, कधी घराण्यात आलेला जनुकातला दोष यांनी त्याचा धोका वाढतो. यातलं काहीच नसलेल्या बाईलाही तो होतो. तो कुणाच्या पापाने होत नाही, नवसाचं राहिलं म्हणून होत नाही, आणि एका ताटात जेवून लागत तर मुळीच नाही. पाळी गेल्यावर रक्त दिसलं की बाई घाबरून डॉक्टरकडे जाते, म्हणून तो पुष्कळदा गर्भाशयातच असताना सापडतो. अशा वेळी पिशवी, नळ्या आणि अंडाशय काढून टाकणं हाच मुख्य उपचार असतो, आणि आजार एवढ्या लवकर सापडलेल्या बहुसंख्य बायका पुढे वर्षानुवर्षं नीट जगतात. ‘सुरी लागली की पसरतो’ हे वाक्य आपल्या जिन्यांमध्ये अजून फिरतं. कृपा करून ते तिच्या कानावर घालू नका. ज्या ऑपरेशनवर तिची सगळी आशा आहे, त्याचीच तिला धास्ती बसते.

पिशवी काढण्याबद्दल संशय असणाऱ्यांवर मात्र रागावू नका. संशयाला कारण आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कितीतरी जणींना कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतलं होतं. म्हणून बायोप्सीचा कागद बघायला मागणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं यात कुणाचा अपमान नाही. कागदावर कॅन्सर लिहिला असेल आणि दुसऱ्यांनीही तेच सांगितलं, तर मग घरात त्यावर चर्चा थांबवा आणि बाईच्या पाठीशी उभे राहा.

निदान आणि ऑपरेशन यांच्या मधले आठवडे सर्वांत कठीण. बाहेरून काहीच होत नसतं. बायोप्सीच्या काचा पुन्हा तपासल्या जातात, रोग अस्तरातून स्नायूत किती उतरलाय ते एमआरआयमध्ये पाहतात, हृदयाची तपासणी होते, हिमोग्लोबिन कमी असेल तर वाढवतात, साखर आटोक्यात आणतात, भुलीचे डॉक्टर फिटनेस देतात. हे दिवस वाया जात नसतात, पण त्या बाईला ते सांगावं लागतं. एकदा सांगून पुरत नाही. वहिनी रात्री दोनला उठून ओट्यापाशी उभी राहते आणि डब्यांवरची धूळ पुसते. विचारलं तर म्हणते, ‘आत काहीतरी वाढतंय आणि मी नुसती बसून राहिलेय.’ यावर ‘काही होत नाही गं’ म्हणून चालत नाही. मी म्हणते, उद्या ओपीडीत हेच विचारू, आणि वहीत लिहून ठेवते. वहीत लिहिल्यावर तिला निदान तासभर तरी झोप लागते.

आता शेजाऱ्यापाजाऱ्यांना विनंती.

भेटायला जाण्याआधी विचारा. तिला कुणाला कळवायचंय आणि कुणाला नाही, हे तिलाच ठरवू द्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गेट वेल सून’ टाकणं म्हणजे तिच्या वतीने साऱ्या इमारतीला बातमी देणं. गेलात तर कुणाकुणाचं काय झालं ते सांगू नका. आमच्याकडे एक मावशी साजूक तुपातला शिरा घेऊन आल्या, फार मायेने. बसल्या बसल्या त्यांनी नात्यातल्या एका बाईची सगळी कहाणी सांगितली, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. वहिनी वाटीतला शिरा चमच्याने एका कडेला लोटत ऐकत राहिली. त्या गेल्यावर तिने विचारलं, ‘त्या बाईला माझंच होतं का गं?’ त्या बाईला यकृताचा होता.

शिऱ्याचंही लक्षात ठेवा. यातल्या कित्येक बायकांना मधुमेह असतो. साखर खाली आली नाही तर भूल देणारे डॉक्टर थांबा म्हणतात आणि तारीख पुढे जाते. काही न्यायचंच असेल तर भाकरी, मुगाची उसळ, पालेभाजी न्या. काढे, चूर्णं, कुणीतरी फोनवर पाठवलेले रस तिला गळ घालून देऊ नका. तिने काही घेतलंच, तर ते डॉक्टरांना सांगायला मदत करा. काहींनी साखर हलते, काहींनी रक्तस्राव वाढतो.

आणि कामं उचला. चाळीत पहाटे पाणी येतं तेव्हा तिच्या दोन बादल्या भरून ठेवा. मुलाला क्लासला सोडा. रेशनच्या रांगेत तिचं कार्ड घेऊन उभे राहा. ओपीडीच्या दिवशी एक धडधाकट, शांत डोक्याचा माणूस बरोबर द्या; डॉक्टर जे सांगतात त्यातलं अर्धं त्या बाईच्या कानापर्यंत पोचलेलंच नसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद लागतात, ते मंडळातल्या एखाद्या जाणत्या कार्यकर्त्याने आधीच बघून द्यावेत. रक्त लागणार असेल तर रक्तदाते शोधायची वेळ तिच्या नवऱ्यावर येऊ नये. आपल्या मंडळांकडे नावांच्या याद्या असतात, त्या बाहेर काढा.

हळदीकुंकू, मंगळागौर, नवरात्रातला भोंडला यांचं बोलावणं तिला नेहमीसारखं द्या. ती येईल किंवा येणार नाही, ते तिचं तिला. ‘आता तिला कशाला त्रास’ म्हणून वगळलं की घरात बसल्या बसल्या तिला कळतं, आणि फार लागतं.

घरच्या पुरुषांना कळकळीने सांगते. पिशवी गेली म्हणून बाई अर्धी होत नाही, हे तिने तुमच्या तोंडून ऐकायला हवं, ऑपरेशनच्या आधी. तुम्हीही घाबरलेले असता हे आम्हाला दिसतं. तुम्हीही कुणाजवळ तरी बोला. आणि जिला अजून मूल हवंय, तिच्यावर ‘आधी जीव वाचव’ म्हणून खेकसू नका. अगदी सुरुवातीच्या, निवडक रुग्णांत हार्मोनच्या उपचाराने ऑपरेशन लांबवता येतं का, हे तारीख ठरण्याआधी डॉक्टरांना विचारायचा तिला हक्क आहे. उत्तर ‘नाही’ आलं, तर तिला रडू द्या. ज्यांची पाळी अजून चालू आहे, त्यांच्या अंगात अंडाशय काढल्यावर एकदम उष्ण झळा येतात, चिडचिड होते. घरच्यांना हे आधी ठाऊक असलं तर पुढची कितीतरी भांडणं टळतात.

आणि ताई, तुम्ही स्वतःच वाट पाहत असाल तर : रडू येणं, कुणाचाही राग येणं, देवापुढे बसूनही मन न लागणं, हे सगळं या दिवसांत होतं. खंबीर दिसायची सक्ती कुणाचीच नाही. तारीख लांबतेय असं वाटलं तर थेट विचारा की किती थांबणं चालेल. रक्त जास्त जायला लागलं, चक्कर आली, तर तारखेची वाट न बघता रुग्णालयात जा. झोप, जेवण सुटलं किंवा जगणं नको वाटलं, तर तेही डॉक्टरांना सांगायचंच दुखणं आहे. टाटामध्ये समाजसेवा विभाग आहे, मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. घरून बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो, मराठीतूनही बोलता येतं. रात्री दोनलाही लावा.

मंडळांना आणि महिला मंडळांना शेवटची मागणी. आपल्या नाक्यानाक्यावर काळे फळे आहेत. त्यावर निधनाच्या बातम्या लिहितो, आरतीच्या वेळा लिहितो, रक्तदानाची तारीख लिहितो. या आठवड्यात त्यावर ठळक खडूने लिहा : ‘पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, तरी डॉक्टरांना दाखवा.’ अशा दहाजणींपैकी साधारण नऊजणींत कारण दुसरंच निघतं, त्यामुळे घाबरून घरी बसू नका, हेही लिहा. त्याखाली १४४१६ लिहा. आणि मंडळातल्या दोन बायकांचे फोन नंबर, त्यांना विचारून, लिहा. त्या अशा असाव्यात, की ओपीडीला सोबत येतील आणि ऐकलेलं बाहेर बोलणार नाहीत.

आपली,
लालबागची एक रहिवासी